डबी गार होण्याआधी

सुजनहो, मागणे हा दोष नव्हे. वस्तू चांगली असावी, वेळेवर मिळावी, असे वाटणे न्यायाला धरूनच आहे. परंतु घडवणाऱ्याच्या हातांचा क्षणभरही विचार न करता मागणारा, आणि मागितलेले जरा लांबले की तोंडाचा पट्टा सोडणारा, असा एक वर्ग आपल्यात अलीकडे उत्पन्न झाला आहे. हा वर्ग स्वतःला रसिक म्हणवतो. शब्द बिचारा जुना आणि कुलीन. त्याने तेही सोसले.

त्या वर्गातल्या एका गृहस्थाची ही हकिकत. वय चाळिशीला टेकलेले, पोट किंचित पुढे, आणि हात मात्र सोन्यासारखे. एका दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून हे गृहस्थ कवळ्या तयार करीत. मेणात एकेक दात असा बसवीत की मूळ मालकालाही आपलेच दात परत आल्याचा भास व्हावा. पण या विद्येचा त्यांना अभिमान नव्हता. अभिमान होता तो फोनवरच्या एका टोळक्यात त्यांनी धारण केलेल्या नावाचा. तिथे ते ‘षट्कारराव’ होते. शाळा सुटल्यापासून त्यांनी बॅट हातात धरली नव्हती, हा तपशील त्या टोळक्यात कोणी विचारीत नसे. कारण इतरांनीही धरली नव्हती.

टोळके चार हजारांचे होते आणि त्याचा उद्योग एकच: क्रिकेटच्या एका नव्या व्हिडिओ गेमची वाट पाहणे. वाट पाहणे म्हटले ते केवळ सभ्यपणा म्हणून. मोठे नाव असलेल्या एका कंपनीने दोन वर्षांपूर्वी हा गेम जाहीर केला होता आणि तारीख तीनदा पुढे ढकलली होती. दरम्यान रसिकांच्या मागण्या दिवसागणिक वाढत चालल्या. गवताचे प्रत्येक पाते निराळे हलले पाहिजे. जुन्या चेंडूचा आवाज नव्यापेक्षा जाड पाहिजे. गोलंदाजाच्या कपाळावरचा घाम दुसऱ्या सत्रात अधिक दिसला पाहिजे. हे सर्व पाहिजे, आणि उद्या सकाळी पाहिजे! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. या चार हजारांनी ते गुडघ्याला बांधून वर लग्नघरावर दगड मारायलाही आरंभ केला होता.

दगड खाण्याचे काम कंपनीतल्या एका मुलीकडे आले होते. दर शुक्रवारी ती चार ओळींचे निवेदन लिही. त्यात काय तयार झाले, काय राहिले, ते ती निमूटपणे सांगे. खाली तिचे नाव असे. गेम ती घडवीत नव्हती, तारीखही ती ठरवीत नव्हती. पण देवळातल्या देवापर्यंत हात पोचत नाही, म्हणून पायरीला लाथ मारणारे लोक जगात पुष्कळ असतात.

एका सकाळी नाश्त्याच्या वेळी षट्कारराव पत्नीला म्हणाले, “ऐक, ऐक! काल काय झोडलंय मी त्या बाईला!”

“कुठल्या बाईला?”

“ती नाही का, दर शुक्रवारी कारणं देणारी. तिला लिहिलं, ‘हाताला काम जमत नसेल तर हात तोडून घ्या, निदान खोटी निवेदनं तरी थांबतील.’ सतराशे लोकांनी वाहवा केली!”

पत्नीने कपात चहा ओतता ओतता स्वयंपाकघराकडे कान दिला. तिथे नळ ठिबकत होता.

“त्या सतराशेंत एखादा नळ दुरुस्त करणारा आहे का बघा,” ती म्हणाली. “दोन महिने तुम्ही म्हणताय, येत्या रविवारी करतो. कुठला रविवार ते एकदा जाहीर करा. म्हणजे मीही चार हजार बायका गोळा करते आणि तुमच्या नावानं ओरडते.”

“तो विषय वेगळा.”

“हो ना. तिथे तुम्ही मागणारे, इथे तुम्ही देणारे. वेगळाच.”

षट्कारराव हसले. बायकोला खेळातले काय कळते, असे मनाशी म्हणत दवाखान्यात गेले.

दवाखान्यात त्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले होते. सगळे त्यांना पंचकाका म्हणत. तीस वर्षे त्यांनी मैदानावर पंच म्हणून काम केले होते आणि उन्हात उभे राहून राहून त्यांची मान कायमची भाजल्यासारखी झाली होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या वरच्या जबड्यातले उरलेसुरले दात काढले गेले. हिरड्या भरून येण्यासाठी त्यांनी तीन महिने मुकाट वाट पाहिली. आता कवळी व्हायची होती. ती सोमवारी मिळणार होती. मग बुधवार ठरला. आता शुक्रवार सांगितला होता. विलंबाचे कारण हिरड्या नव्हत्या. कामाच्या मेजाखाली षट्कारराव दिवसातून चाळीस वेळा फोन काढून बसत, हेच त्याचे कारण.

दात गेले की त्यांच्या आश्रयाने राहणारे त, थ, द, ध हे वर्णही बेघर होतात. पंचकाकांचे बोलणे त्यामुळे वाऱ्यासारखे फसफसत असे. वाचकांच्या सोयीसाठी ते येथे नीट लिहिले आहे.

“शुक्रवारी नक्की ना रे?” त्यांनी विचारले.

“नक्की, काका.”

“शनिवारी मुलगी येतेय. दीड वर्षानं. तीनच दिवस आहे.” म्हातारबुवांनी रुमाल ओठांशी नेला. “तिला यातलं काही ठाऊक नाही. तिची आई गेल्यापासून टेबलाशी आम्ही दोघंच बसायचो. आता तिच्यासमोर मी बोळक्यानं पेज ओरपत बसलो, तर ती तीन दिवस माझ्याकडे बघून रडेल. मला तिच्याबरोबर एक घास चावून खायचाय. एवढंच.”

“काळजीच सोडा,” असे म्हणून षट्कारराव आत गेले आणि फोन उघडला. उघडताच ते ताडकन उठून उभे राहिले. कंपनीने जाहीर केले होते की, रसिकांच्या भावनांचा आदर करून गेम येत्या शुक्रवारीच, दुपारी चार वाजता खुला करण्यात येईल!

टोळक्यात विजयोत्सव सुरू झाला. “वाकवलं त्यांना!” “लाथेशिवाय भूत ऐकत नाही!” “षट्कारराव, ते हात तोडायचं वाक्य लागू पडलं!” आमच्या कारागिराची छाती दोन बोटे फुगली. ज्या गेमला अजून तीन महिने लागतील असे त्या मुलीने गेल्याच आठवड्यात प्रामाणिकपणे लिहिले होते, तो आठवड्याभरात कसा काय पुरा झाला, असा प्रश्न चार हजारांतून एकालाही पडला नाही. ओरडून आंबा पिकतो, अशी त्या सर्वांची श्रद्धा होती.

शुक्रवार उजाडला. कवळीची शेवटची क्रिया उरली होती. मेणाच्या जागी गुलाबी मसाला भरून, दात जिथल्या तिथे ठेवून, ते सर्व प्लास्टरसह एका जड पितळी डबीत आवळतात आणि डबी पाण्यात उकळतात. पुढची पायरी सर्वांत अवघड, कारण तिच्यात करायचे काहीच नसते. डबी त्याच पाण्यात आपोआप गार होऊ द्यायची. डॉक्टरबाईंचा कडक नियम होता: हाताला गार लागल्याशिवाय डबी उघडायची नाही. आतला मसाला घट्ट दिसला तरी त्याच्या पोटात ताण असतो. गरम असताना काढला की तो केसभर वाकतो. आणि जिभेला केससुद्धा दोरखंडाएवढा लागतो.

तीन वाजता षट्काररावांनी डबी पाण्यातून काढली. ती चटकत होती. त्यांनी घड्याळ पाहिले. डबी नळाखाली धरली, वाफेचा लोट उठला, आणि दुसऱ्या क्षणी स्क्रू सैल केले. कवळी बाहेर आली. घासली, चकाकली. दिसायला अशी देखणी की काय सांगावे! ती डॉक्टरबाईंच्या मेजावर ठेवून, “डोकं दुखतंय” म्हणून साडेतीनला गृहस्थ घरी पसार झाले.

चार वाजता गेम उघडला. वाचकहो, त्या सोहळ्याचे वर्णन करताना लेखणीलाही हसू आवरत नाही. गोलंदाज धावत आला, पण चेंडू मागेच राहिला. फलंदाजाने हवेत बॅट फिरवताच तो कमरेपर्यंत जमिनीत गेला आणि तिथूनच धावा काढू लागला. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाचे दात तोंड सोडून चेहऱ्याच्या वीतभर पुढे तरंगत होते, आणि तो वळला की तेही मागाहून वळत. गवताचे प्रत्येक पाते मात्र निराळे हलत होते.

षट्कारराव थिजले. टोळके पेटले. ज्यांनी सकाळपर्यंत ‘आत्ताच्या आत्ता द्या’ म्हणून घसा फोडला होता, तेच आता ‘इतकी घाई कोणी सांगितली होती’ म्हणून विचारू लागले! लाज नावाची वस्तू गर्दीत सगळ्यांत आधी हरवते, आणि हरवल्याची तक्रार करायला कोणी येत नाही. आमचे गृहस्थही बाह्या सरसावून, त्या मुलीच्या नावे काहीतरी जहरी लिहावे म्हणून बसले, तोच फोन वाजला. डॉक्टरबाई होत्या.

“डोकं दुखत असेल तर डोक्यासह ये,” त्या म्हणाल्या. “लगेच.”

सहाच्या सुमारास ते दवाखान्यात पोचले. खुर्चीत पंचकाका बसले होते. हिरडीला लागून आलेले रक्त डॉक्टरबाई कापसाने टिपत होत्या. कवळी काचेच्या मेजावर ठेवली होती. डॉक्टरबाईंनी तिच्या एका टोकावर बोट टेकवले. दुसरे टोक उचलले गेले. बोट काढले, कवळी टक् करून पडली. पुन्हा बोट. पुन्हा टक्.

“हिरड्या... हिरड्या बदलल्या असतील,” षट्कारराव म्हणाले.

“आठ दिवसांत?”

“माप चुकलं असेल.”

“माप मी घेतलंय.” बाईंचा आवाज चढला नाही, म्हणून अधिक भयंकर वाटला. “डबी गरम उघडलीस का?”

उत्तर मेजावर टक् टक् करीत पडलेच होते.

पंचकाका रागावतील असे वाटत होते. पण त्यांनी रुमाल बाजूला ठेवून कुतूहलाने विचारले, “एवढी घाई कशाची होती रे बाबा?”

खोटे सुचेना, म्हणून खरे बाहेर आले. गेम, दोन वर्षांची वाट, चार हजारांचे टोळके, आजचा फज्जा. म्हातारा ऐकत होता. तरंगणाऱ्या दातांपाशी तो खुदकन हसलासुद्धा. “माझ्यापेक्षा बरा. त्याचे निदान सोबत तरी येतात.” मग विचारले, “आणि त्या लोकांना तुम्ही काय म्हणालात, लवकर करा म्हणून?”

“तसं... थोडं कडक लिहिलं.”

“बघू.”

“जाऊ द्या ना, काका.”

“अरे, दाखव की. दात नाहीत मला, चावतोय कुठे?”

षट्काररावांनी फोन पुढे केला. पंचकाकांनी तो हातभर लांब धरला आणि सावकाश, एकेक अक्षर लावीत, मोठ्याने वाचले: “हाताला काम जमत नसेल तर हात तोडून घ्या.” वाचून त्यांनी मान वर केली. समोर कारागिराचे दोन्ही हात मेजाच्या कडेवर होते. म्हातारा त्या हातांकडे पाहत राहिला.

“हे आता मी तुला म्हणायचं का?” त्यांनी विचारले. “म्हणतो. मला काय! सतराशे माणसं बोलावतो, टाळ्या वाजवायला.”

अरेरे! जे वाक्य सतराशे वाहवांनी मखरात बसवले होते, ते या बोळक्या तोंडातून आले तेव्हा किती नागडे दिसले! षट्काररावांनी हात मेजाखाली नेले. आयुष्यात प्रथमच त्यांना त्या हातांची भीती वाटली, आणि दयाही आली.

“नाही म्हणत,” पंचकाका म्हणाले. “बस खाली. तुझ्याहून मोठी चूक मी केलीय, ती ऐक. पायचीतचं अपील झालं की मी मनात तीन म्हणायचो. एक, दोन, तीन. मग निर्णय. लोक ओरडायचे, ओरडू देत. एकदा मोठा सामना होता. निवडकर्ते आले होते. एकोणीस वर्षांचं पोरगं खेळत होतं, काय सुरेख खेळत होतं! चेंडू पॅडला लागला आणि अख्खं मैदान एका सुरात ओरडलं. माझं बोट ‘एक’लाच वर गेलं. आणि ‘दोन’ म्हणेपर्यंत मला आठवलं, आधी बॅटचा आवाज आला होता.”

“मग?”

“मग काय? बोट वर गेलेलं. पोरगं बॅटकडे बघत निघून गेलं, एक शब्द बोललं नाही. पुन्हा कुठल्या संघात त्याचं नाव दिसलं नाही मला. मी चौकशी केली नाही. हिंमतच झाली नाही.” त्यांनी रुमालाची घडी घातली. “आणि ते ओरडणारे? संध्याकाळी फाटकाबाहेर मला शिव्या घालत होते. म्हणे पंच आंधळा आहे. तेच लोक! तेव्हा कळलं, ओरडणाऱ्याला निर्णय नको असतो रे. त्याला फक्त बोट वर गेलेलं हवं असतं.”

“चूक त्यांची होती, काका,” षट्कारराव पुटपुटले.

“ओरडणं त्यांचं, बोट माझं. तसंच गेमवाल्यांनी घाई केली ती त्यांची चूक. पण ओरडणारा नामानिराळा कसा राहील? आणि तुझं तर दुहेरी! तिथे ओरडलास तूच, इथे डबी उघडलीस तूच. दोन्ही टोकांना तू. असा खेळाडू मी तीस वर्षांत पाहिला नव्हता.”

डॉक्टरबाई हसल्या. षट्कारराव हसले नाहीत. त्यांनी खाली मान घालून विचारले, “बाई, उद्या होईल का?”

“वाकलेली कवळीच वापरून माप पुन्हा घेते. सकाळी भरलीस तर दुपारपर्यंत उकळून होईल. गार कधी होईल, ते तुझ्या हातात नाही.”

शनिवारी सकाळी सातलाच ते मेजाशी होते. मसाला भरला, डबी आवळली, उकळली. बाराच्या पुढे आच बंद केली आणि समोर बसून राहिले. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून फोन उघडला. कंपनीचे नवे निवेदन आले होते. क्षमा मागितली होती, दुरुस्तीची हमी दिली होती. खाली निराळेच नाव होते. पुरुषाचे.

षट्काररावांनी ते नाव दोनदा वाचले. त्यांनी लिहिले, “यापूर्वी निवेदने लिहिणाऱ्या ताईंना मी हात तोडण्याविषयी लिहिले होते. ते नीच होते. माझी चूक झाली. त्यांना सांगाल का?” बऱ्याच वेळाने एका ओळीचे उत्तर आले: “त्यांनी काम सोडले आहे, निरोप पोचवण्याचा प्रयत्न करतो.” टोळक्याने हे वाचले आणि अर्ध्या तासात कालच्या सेनापतीला फितूर ठरवले. “विकला गेला!” “षट्कारराव बायकोला घाबरला!” ते वाचताना त्यांना नवल वाटले की या आवाजांना आपण इतके दिवस मित्र म्हणत होतो. त्यांनी टोळके सोडले. चार हजारांतला एक गेला. तिकडे कोणाला फरक पडला नाही.

तीन वाजता पंचकाका आले. “झाली?”

षट्काररावांनी पाण्यात हात घातला. डबी कोमट होती. “नाही, काका.”

“पाचला मुलगी पोचेल.”

क्षणभर षट्काररावांची बोटे स्क्रूकडे वळली. म्हाताऱ्यानेच मान हलवली. “तीन म्हण,” ते म्हणाले आणि बाकावर बसले.

पाच वाजून गेले. घराला कुलूप पाहून मुलीने फोन केला, आणि बॅग घेऊन ती थेट दवाखान्यात आली. मागच्या खोलीच्या दारात तिला पाहताच पंचकाकांचा हात तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो स्वतःहून खाली घेतला.

“बाबा! हे काय?”

“दात गेले गं. नवे तयार होतायत. अजून गार व्हायचेत.”

तिने बॅग खाली ठेवली. “म्हणजे तीन महिने फोनवर मला नुसतं कपाळ दाखवत होतात, आवाज फसफसतो तो नेटवर्कमुळे म्हणत होतात, ते याच्यासाठी? आणि मी मैत्रिणींना सांगतेय की आमच्या बाबांना फोन धरता येत नाही!”

बापाला हसू फुटले. बोळके उघडे पडले, आणि ते झाकायला कोणी धावले नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण ती हसतही होती.

“किती वेळ लागेल हो अजून?” तिने षट्काररावांना विचारले.

हाच प्रश्न त्यांनी दोन वर्षे विचारला होता, आणि उत्तर देणारीला ओरबाडले होते. आज उत्तर देण्याची पाळी त्यांची होती. “सांगता येत नाही, ताई,” ते अपराध्यासारखे म्हणाले. “हाताला गार लागली की उघडीन. उशीर माझ्याच चुकीमुळे झालाय.”

“मग बसू की,” ती म्हणाली, आणि बॅगेवरच बसली.

दोनच शब्द आणि वर एक ‘की’! चार हजार रसिकांपैकी एकालाही दोन वर्षांत ते सुचले नव्हते. षट्काररावांनी तोंड फिरवून उगाच मेजावरचे प्लास्टर पुसले.

साडेसहाला डबी उघडली. कवळी काचेवर ठेवली. चहूबाजूंनी बोट टेकवून पाहिले. ती हलली नाही. पंचकाकांनी ती बसवली, जीभ फिरवली आणि मुलीकडे वळून अगदी स्वच्छ म्हणाले, “दमली असशील. चल, तुला ताटात काय वाढायचं ते ठरवू.” बेघर वर्ण घरी परतले होते.

नागरिकहो, यातला बोध अवघड नाही, पण तो आपल्याला रोज नव्याने शिकावा लागतो. काम घडवणारा कोणी दगडाचा नसतो. त्याच्या हातात जीव असतो आणि कामाला स्वतःचा काळ असतो. उशिराबद्दल विचारावे, कारण विचारणे हा आपला हक्क आहे. पण शिवीने काम लवकर होत नाही, फक्त वाकडे होते. आणि वाकड्या कामाचे दुःख शिवी देणाऱ्यापेक्षा भलत्याच कोणाला तरी भोगावे लागते.

त्या पितापुत्रींना ते तीन दिवस सुखाचे जावोत. घास गोड लागो. त्या कारागिराच्या हातांना धीर मिळो. आणि ती निवेदने लिहिणारी, आपल्याला अनोळखी असलेली कन्या आज जिथे असेल, तिथे तिच्याशी कोणी हळू आवाजात बोलो.